दोनशे चाळिसावा नमुना

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाई म्हणत. संस्थेत बायका आणखीही होत्या, पण "बाईंना विचारा" असं कुणी म्हटलं की लोक तळमजल्याच्या टोकाच्या खोलीकडेच वळत. त्या खोलीत बाईंनी चोवीस वर्षं एकच उद्योग केला होता. धातूंची संयुगं वितळवून बनवायची, ती गारठवायची, आणि किती गारठ्याला त्यांच्यातून वीज बिनविरोध वाहू लागते ते बघायचं. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. गारठाही साधासुधा लागत नाही. बर्फाच्या खाली दोनशे त्र्याहत्तर अंशांवर जे शेवटचं शून्य आहे, तिथून वर केल्विनमध्ये मोजायचं. बाईंच्या संयुगात तीन भाग व्हॅनेडियम आणि एक भाग सिलिकॉन होतं, आणि त्याचा आकडा होता सतरा केल्विन. जगाला तो ठाऊक होता, पुस्तकांत छापलेला होता. बाईंना तो वर न्यायचा होता.

वर न्यायची त्यांची युक्ती म्हणजे बदली. सिलिकॉनचे थोडे अणू काढून त्यांच्या जागी दुसऱ्या मूलद्रव्याचे बसवायचे. नवा अणू आकाराने जरा मोठा, त्यामुळे स्फटिकाची मांडणी ताणली जायची, हळवी व्हायची. बाईंचा अंदाज असा, की मांडणी कोसळायच्या बेतात आली, पण अजून कोसळली नाही, अशा नेमक्या जागी अतिसंवाहकता सगळ्यात जोरात असणार. एक पाऊल पुढे टाकलं की स्फटिक एका बाजूला कलंडतो आणि सगळं मुसळ केरात.

खोलीत त्या नव्या अणूला 'जावई' म्हणत. हे नाव मामांनी ठेवलं होतं. "थोडा असला की घराला शोभा," ते म्हणायचे, "मुक्कामाला राहिला की घर बसलंच." मामा म्हणजे खोलीतले तंत्रज्ञ. भट्टी त्यांची, पंप त्यांचे, तारा जोडणं त्यांचं. व्हॅनेडियमचे तुकडे तांब्याच्या थाळीत ठेवून ते वर विजेची ठिणगी धरायचे. तुकड्यांचं एक चकचकीत बटण व्हायचं. ते उलटून पुन्हा वितळवायचं, असं पाच वेळा. मग काचनळीत बंद करून तीन आठवडे दुसऱ्या भट्टीत मुरत ठेवायचं. बाई प्रमाण ठरवत आणि मामा ते हाताने खरं करत. एकमेकांना अहो-जाहो करत दोघांनी एवढी वर्षं एकत्र काढली होती.

नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी दोनशे चाळिसावा नमुना मोजायला घेतला, तेव्हा विजेचा विरोध दाखवणारा काटा एकतीस केल्विनलाच शून्यावर पडला.

नमुना एका लांब स्टीलच्या दांड्याच्या टोकाला बांधलेला असे आणि शेजारी तांदळाएवढा तापमापक चिकटवलेला. दांडा गारठवणाऱ्या द्रव हेलियमच्या टाकीत हळूहळू खाली सोडायचा. बाईंनी तो वर घेतला, पुन्हा सोडला. तीस. तिसऱ्यांदा सत्तावीस.

"बाई, उतरतंय," मामा म्हणाले.

"उतरू दे. आहे तर खरं!"

दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा मोजलं तर सतरा. पाचव्यांदाही सतराच. नमुना बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याला केसाएवढे तडे गेले होते. बाईंनी टेबलावर थाप मारली. सगळं जुळत होतं! मांडणी काठावर होती, म्हणून आकडा चढला. दर गारठ्याला ती थोडी थोडी कलंडत गेली, म्हणून उतरला. शेवटी स्फटिक मोडला आणि संयुग आपल्या जुन्या सतरावर येऊन बसलं. खाली जाताना एक आकडा आणि वर येताना दुसरा येत होता, तेही कलंडणाऱ्या स्फटिकाचंच लक्षण. चोवीस वर्षांत बाईंनी मामांना मिठी मारली ती त्या एका दिवशी.

त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. ते दुसऱ्या गावी एकटे राहत. आई गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिथल्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा बाईंना देऊ केली होती, आणि उत्तर कळवायला शेवटचे चार दिवस होते.

"काय ठरवलंस बेटा?"

"बाबा, आत्ताच काहीतरी हाती लागलंय. एवढ्यात हलता येणार नाही. एक वर्ष द्या."

"वर्ष काय, दोन घे," वडील म्हणाले. "मी कुठे जातोय?"

ते तीन वर्षांनी गेले. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

दोनशे चाळिसाव्याचा निबंध छापून आला, तेव्हा बरेच दिवस फोन वाजत राहिला. दोन मोठ्या प्रयोगशाळांनी तसाच नमुना बनवून पाहिला. दोघांनाही सतराच मिळाले. बाईंनी कळवलं, जावई एक टक्क्याने इकडचा तिकडे झाला तरी काठ चुकतो. हे म्हणणं कुणाला खोडता आलं नाही आणि पटलंही नाही. मग बाई स्वतः मागे लागल्या. जावई अर्ध्या टक्क्याने वाढवला, पाव टक्क्याने घटवला, मुरवायचे दिवस बदलले, थंड करायचा वेग बदलला. सहाशे नमुने झाले. एकही सतराच्या वर हलला नाही.

या काळात त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी आली. गटात सगळ्यात लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. हुशार पोर. दर गारठ्याला स्फटिक कसा बिघडत जातो, याचं तिने असं गणित मांडलं की एकतीस, तीस, सत्तावीस, सतरा हे चारही आकडे त्यातून बरोब्बर निघत. त्यावर तिला पदवी मिळाली, पदवीवर परदेशी विद्यापीठात नोकरी. जाताना ती बाईंच्या पाया पडली आणि मामांना म्हणाली, "मामा, जावयाने माझं भलं केलं." मामा हसले नाहीत. त्यांना खोकल्याची उबळ आली होती म्हणून, असं बाईंना तेव्हा वाटलं.

यंदा संस्थेने कळवलं की तळमजल्याची खोली बंद होणार. हेलियम यापुढे मागवलं जाणार नाही. मामांची निवृत्तीही त्याच महिन्यात. शेवटची एक टाकी उरली होती, जेमतेम दोन दिवस पुरेल एवढी. बाईंनी निवडून तीन नवे नमुने मुरवून ठेवले होते. पण मोजायचं नवं यंत्र दोन महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करायला आता कुणी येणार नव्हतं.

"जुना दांडा काढू," बाई म्हणाल्या.

"त्याच्या तारा खराब झाल्या असतील," मामा म्हणाले.

"बघू तरी."

कपाटावरून दांडा बाईंनी स्वतःच उतरवला. आठ वर्षं तो तिथे कापडात गुंडाळून पडला होता. बाईंनी टोक दिव्याखाली धरलं. तापमापक जागेवर होता, पारदर्शक वार्निशमध्ये नीट बसवलेला. पण त्याच्या शेजारी, नखभर अंतरावर, जुन्या तांबूस वार्निशचा एक थर होता. तो काचेसारखा तडकलेला होता आणि त्यात तांदळाएवढा खळगा होता. तापमापक आधी तिथे होता.

"मामा, हा तापमापक पुन्हा कधी चिकटवला?"

मामा पंपाशी वाकले होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"मामा?"

"सुटला होता," ते म्हणाले.

"कधी?"

"तेव्हाच. दोनशे चाळिसच्या वेळी. तिसऱ्यांदा मोजून झालं, तुम्ही घरी गेलात. मी दांडा पुसायला घेतला तर तो नुसता तारेवर लोंबत होता. वार्निश तडकलं होतं. मी नवीन लावून चिकटवला."

बाई स्टुलावर बसल्या. सुटलेला तापमापक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. नमुना थंड होत जातो, तापमापक मात्र तारेतून उतरणाऱ्या उबेवर मागे रेंगाळतो. नमुना सतरावर पोचलेला असतो, आणि कागदावर एकतीस उमटतात. लोंबणारी वस्तू आज इथे टेकते, उद्या तिथे. म्हणून आकडे उतरत गेले. खाली जाताना आणि वर येताना आकडे वेगळे आले, तेही त्यामुळेच. आणि तडे? ते खरेच होते. हे संयुग गारठ्याला तडकतंच. त्यांच्या इतर कित्येक नमुन्यांनाही तडे गेले होते, आणि त्या तड्यांकडे बाईंनी कधी दोनदा पाहिलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?"

"बाई, मी दिवसाला दहा गोष्टी चिकटवत होतो. कुठली सांगणार? ते एवढं महत्त्वाचं आहे हे मला तेव्हा कुठे माहीत!"

"आणि नंतर?"

मामांनी हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"तुम्ही वरच्या सभागृहात व्याख्यान दिलंत, तीन वर्षांनी. पडद्यावर चार आकडे लावले होते. पहिले तीन चढे, चौथा एकदम सतरा. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिसरा आणि चौथा यांच्या मधे मीच होतो."

"मग?"

"तुमचे वडील जाऊन महिना झाला होता, बाई. तुम्ही त्यांच्याकडे का गेला नव्हतात, ते मला माहीत होतं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

बाई म्हणाल्या, "तुमची आठवण चुकीची असू शकते."

"असू दे. देव करो, तसंच असो."

"मोजून बघू."

टाकी एकच होती. तीन नवे नमुने मोजायचे, की हे तपासायचं? दोन्ही होण्यासारखं नव्हतं. मामा म्हणाले, "तुमचे तीन मोजा. कुणी सांगावं?" बाईंनी त्या तिन्हींची डबी बाजूला सरकवली आणि खणातून साध्या संयुगाचा एक तुकडा काढला. त्यात जावई नव्हता. नुसतं व्हॅनेडियम आणि सिलिकॉन. याचे सतरा येणार हे कुठलाही विद्यार्थी सांगेल. त्यांनी तो दांड्याला बांधला, पातळ पात्याने तापमापकाखालचं वार्निश खरवडलं आणि तो तारेवर लोंबता सोडला.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून आवारातली गाड्यांची ये-जा दिसत होती. मामा दांडा इंच इंच खाली सोडत होते आणि बाई आकडे वाचत होत्या. ऐंशी. साठ. चव्वेचाळीस. छत्तीस. तेहतीस.

एकतीसला रेघ खाली कोसळली.

सहाशे नमुन्यांमधून जो आकडा मिळाला नव्हता, तो कागदावर स्वच्छ उमटला होता. आपली छाती क्षणभर आनंदाने भरून आल्याचं बाईंना जाणवलं. शरीराला सवयच लागली होती त्या आकड्याची वाट बघायची. मग त्यांनी वहीत लिहिलं: साधा तुकडा, जावई नाही, एकतीस.

पुन्हा सोडलं तेव्हा एकोणतीस. तिसऱ्यांदा पुन्हा एकतीस. टाकीतलं हेलियम संपेपर्यंत दोन दिवस त्या मोजत राहिल्या. शंकेला जागा राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि ती राहिलीही नाही. तापमापक घट्ट चिकटवला की सतरा. सैल सोडला की तो म्हणेल ते.

बाईंचे यजमान मुद्रितशोधक होते. छापखान्याची पानं वाचून चुका काढायच्या, हा त्यांचा धंदा. बाईंचा प्रत्येक निबंध छापायला जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा. त्यातलं विज्ञान त्यांना कळत नसे, पण स्वल्पविराम कळत. मोजणी संपली त्या संध्याकाळी बाईंनी त्यांच्यापुढे एक पान ठेवलं.

"अहो, हे बघून द्या."

त्यांनी वाचलं. आठ ओळींचं पत्र होतं. अमुक निबंधातलं मोजमाप सदोष होतं, तापमापक जागेवर घट्ट चिकटलेला नव्हता, निष्कर्ष मागे घेत आहोत. खाली एकटीची सही.

"मामांचं नाव नाही घातलंस?"

"मोजमाप माझं होतं. तापमापक घट्ट आहे की नाही, हे बघणं माझं काम होतं. त्यांचं नाही."

"अगं, थोडं थांब. खोली तशीही बंद होतेय. कुणाला आता याचं काय पडलंय?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या.

यजमानांनी पान पुन्हा वाचलं, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि काही न बोलता परत दिलं. नऊ वर्षांत सुट्टीला कुठे जायचं ठरलं की ऐनवेळी रद्द व्हायचं, तेव्हाही ते असेच काही बोलत नसत. त्या वेळी बाईंना तो समजूतदारपणा वाटे. आज वाटलं, हा माणूस थकला असावा आणि आपण कधी विचारलंच नाही.

पत्र सकाळी गेलं. मग बाईंनी धाकटीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाई, माझं गणित..." ती म्हणाली. "ते चारही आकडे निघत होते त्यातून."

"हो. सुंदर होतं ते."

"सुंदर!" ती हसली, ते हसणं ऐकवत नव्हतं. "बाई, माझ्या कायमच्या नेमणुकीचा निर्णय दोन महिन्यांनी आहे. समितीपुढे माझं जे काही आहे ते सगळं यावर उभं आहे. दोन महिने थांबाल? फक्त दोन. मग आपण दोघी मिळून लिहू."

"पत्र गेलं, बाळा. सकाळीच."

मागे कुठेतरी तिचं मूल काहीतरी मागत होतं.

"म्हणजे तुम्ही मला विचारायला फोन केला नाहीत. सांगायला केलात."

"विचारलं असतं तर थांबले असते," बाई म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं."

धाकटीने फोन ठेवला. नंतर बाईंनी चार वेळा केला, दोन पत्रं पाठवली. दोन महिन्यांनी तिसऱ्याच कुणाकडून कळलं की नेमणूक झाली नाही, ती विद्यापीठ सोडून एका विमा कंपनीत आकडेमोड करते.

मामांचा शेवटचा दिवस आला तेव्हा खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भट्टी भंगारात गेली होती. तांब्याची थाळी मामांनी घासून लख्ख केली आणि यादीतल्या तिच्या नावापुढे खूण करून ती गोणीत टाकली. वरच्या मजल्यावर निरोपाची चार भाषणं झाली. कुणीतरी जावयाचा विनोद सांगितला, लोक पोट धरून हसले. मामांच्या हातात घड्याळाचा खोका दिला. मग दोघं फाटकापर्यंत चालत गेली.

"बाई," मामा म्हणाले, "रागावलात का माझ्यावर?"

त्या "नाही" म्हणणार होत्या. तोंडापर्यंत आलंही होतं.

"व्याख्यानानंतर तुम्ही बोलला नाहीत, ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण त्या दुपारनंतर, चिकटवताना, दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं बोलता बोलता म्हणाला असतात ना, बाई, काल तापमापक सुटला होता... तर मी बाबांकडे गेले असते. चार दिवस होते माझ्या हातात."

मामा फाटकाच्या गजाला धरून उभे राहिले. त्यांना खोकला आला, पण त्यांनी तो दाबला. मग ते खोका काखेत मारून रस्ता ओलांडून गेले. बाई त्यांना हाक मारणार होत्या. मग त्या खोलीला कुलूप लावायला परत वळल्या.

हिवाळ्यात पत्र छापून आलं, नियतकालिकाच्या शेवटच्या पानावर, दुसऱ्या कुणाच्या शुद्धिपत्राखाली. त्यावर कुणाचंही उत्तर आलं नाही. वसंतात एका नव्या संशोधकाचा निबंध बाईंच्या पाहण्यात आला. संयुगात अणूंची बदली करून अतिसंवाहकता किती वाढू शकते, याचा त्यात एक तक्ता होता, आणि त्या तक्त्यात पहिल्या ओळीत एकतीस. बाईंनी त्याला कळवलं. त्याने सभ्यपणे आभार मानले, तक्ता छापून झाल्याचं सांगितलं, आणि विचारलं की तरीही तुम्हाला आतून काय वाटतं, काठावर काहीतरी असेल का?

बाईंनी उत्तर लिहायला घेतलं. अंदाज अजूनही चुकीचा वाटत नाही, एवढं लिहून झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे खरं आहे की नुसती सवय, हे त्यांना आता सांगता येत नाही. त्यांनी ओळ पुसली. आतून यजमानांनी जेवायला हाक मारली. त्या उठल्या, आणि तो प्रश्न तसाच बिनउत्तराचा राहिला.